वन्संचे तळवे

आधीच सांगून टाकते, मला कुत्री आवडत नाहीत. चावतात म्हणून नाही. आमच्या घरात आजवर एकही चावलं नाही. ओलीचिंब होऊन येतात, सगळं घर सोडून नेमकी माझ्याशेजारी उभी राहतात आणि अंग झटकतात, म्हणून. तरी माझी उभी हयात कुत्र्यांच्या केसांत गेली. याला कारण माझी नणंद.

नणंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी 'वन्सं' आणि 'अहो' म्हणायला जीभ जी वळली ती वळलीच. त्या मला 'वहिनी' म्हणतात आणि अगंतुगं करतात. यात मान कुणाला मिळतो हे अजून ठरलेलं नाही. ह्यांना विचारलं तर हे वर्तमानपत्राचं पान उलटतात.

वन्संनी लग्न केलं नाही. बुटांच्या दुकानात एकतीस वर्षं नोकरी केली. मी खूपदा तिथे जाऊन बसायची, घरात करमलं नाही की. गिऱ्हाईक बाकावर बसायचं आणि वन्सं त्याच्या पुढ्यात बुटक्या स्टुलावर. लाकडी मापपट्टीवर पाय ठेवून घ्यायच्या, बूट चढवायच्या, नाडी बांधायच्या, मग बुटाच्या टोकाशी अंगठा दाबून विचारायच्या, "बोटाला लागतंय का?" गिऱ्हाईक काहीही म्हणो, त्यांचा त्यावर काडीचा विश्वास नसायचा. "बूट आवडला असला की माणूस खोटं बोलतं," त्या म्हणायच्या. "मी माझ्या अंगठ्याचं ऐकते." पुढे अंगठाभर जागा राहिली नाही तर तो जोड सरळ खोक्यात परत, मालक शेजारी उभा असला तरी. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या तेव्हा दुकानाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी तोंड वर करून ती जुनी मापपट्टीही मागून घेतली.

आणि जिने अर्ध्या गावाच्या पायात बूट चढवले, त्या बाईला कुत्र्यांच्या क्लबात सगळे 'अनवाणीबाई' म्हणून ओळखतात.

याचं कारण बावीस वर्षांपूर्वीचं आहे. वन्संचा पहिला कुत्रा तेव्हा तरुण होता. त्याला घेऊन त्या पहिल्यांदाच प्रदर्शनात गेल्या. प्रदर्शन एका शाळेच्या फरशीच्या आवारात, उन्हाचे दिवस, भर दुपार. वन्संच्या पायात दुकानातले जाड तळाचे बूट. रांगेत उभा असताना कुत्रा एकसारखा पाय उचलायला लागला, पुढचा, मागचा, पुन्हा पुढचा. आजूबाजूचे हसले, म्हणाले, नाचतोय बघा. वन्संही हसल्या. संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्या पंजांची कातडी सोलून निघाली. सहा आठवडे त्या त्याला उचलून बाहेर नेत होत्या, आणि तो काही मांजराएवढा नव्हता. त्या हसण्याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही. पुढच्या वर्षी क्लबात जाऊन त्यांनी सांगितलं की जिथे कुत्र्याला उभं करायचं तिथे आधी मी उभी राहणार, बूट काढून.

तेव्हापासून जागा वन्संनी बघायची, असा शिरस्ताच पडला.

प्रदर्शन मोठं असतं. चारशेच्या वर कुत्री येतात, कुठून कुठून येतात. दर वर्षी क्लबात भांडण एकच, बंद हॉल घ्यायचा की उघडं मैदान. क्लबचे सेक्रेटरी छापखाना चालवतात, ते हॉलवाले. डोक्यावर छप्पर पाहिजे, पंखे पाहिजेत, लांब केसांच्या कुत्र्यांना वाळवायला विजेचे पॉइंट पाहिजेत, माणसांना संडास पाहिजेत. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, ते मैदानवाले. हॉलमध्ये चारशे कुत्री एकदम भुंकली की कान किटतात, आणि मोठं कुत्रं मोकळं पळल्याशिवाय त्याची चाल परीक्षकाला दिसणार कशी, असं त्यांचं म्हणणं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून तर भांडण मिटत नाही. शेवटी दोघंही म्हणणार, बाईंच्या पायांना विचारू.

मग वन्सं निघायच्या. एकाच दिवशी तीनदा, सकाळी अकराला, दुपारी एकला आणि तीनला, कारण त्याच वेळात प्रदर्शन चालतं. बूट पिशवीत, पिशवी खांद्याला, शेजारी घरातला तेव्हाचा कुत्रा. चवड्यावर चालायच्या. कुत्रं टाच टेकत नाही, मग आपण का टेकायची, असा त्यांचा हिशेब. मध्येच गर्रकन वळायच्या, मध्येच खाली बसून मान इतकी वाकवायच्या की नाक जमिनीला लागेल. लोक थांबून बघायचे. एका वर्षी त्यांनी मैदान नापास केलं, कारण वाळक्या गवतात कुसळं होती आणि कुसळ पंजात शिरलं की आत आत जातं. एका वर्षी हॉल नापास, कारण फरशी ज्या औषधाने पुसत त्याचा वास खाली, गुडघ्याच्या उंचीवर, साचून राहायचा. उभ्या माणसाला तो येतही नव्हता. दातांचे डॉक्टर म्हणाले, मला तर काही वास येत नाही. वन्संनी त्यांना खाली बसायला लावलं. ते सात वेळा शिंकले.

मी हे सगळं थट्टेवारी न्यायची. "वन्सं, पायांना विचारून या आणि येताना दूध आणा," असं. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमान होता. प्रदर्शनाच्या दिवशी त्या आत शिरल्या की लांबून लांबून लोक हात करायचे. निवृत्तीनंतर त्यांचे दिवस जरा ओस पडले होते, तेवढा एक महिना त्या सकाळी लवकर उठायच्या, केस नीट विंचरायच्या, फोन आला की धावत जायच्या.

यंदा हॉल नवा होता आणि मैदानही एका अर्थी नवं. हॉल म्हणजे शहराबाहेरचं मोठं प्रदर्शनगृह, खाली गुळगुळीत पॉलिश केलेली दगडी फरशी. मैदान म्हणजे नेहमीचंच खेळाचं मैदान, पण त्याच्यावर गेल्या वर्षी प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं. वन्सं आधी मैदानावर गेल्या, ढोल्याला घेऊन. ढोल्या म्हणजे आत्ताचा कुत्रा, अकरा वर्षांचा, सोफ्याएवढा आणि सोफ्याइतकाच हलणारा.

तीन वाजून गेल्यावर त्या घरी आल्या त्या अगदी खुशीत. "वहिनी, गालिचा आहे गालिचा," म्हणाल्या. "कुसळ नाही, खडा नाही, चिखल नाही. एकसारखं सपाट. इतकी वर्षं अशीच जागा शोधत होते." लगेच डॉक्टरांना फोन केला. मैदान, डोळे झाकून मैदान, हॉल बघायचीसुद्धा गरज नाही. डॉक्टर पलीकडून किती खूष झाले ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. उद्या सकाळी छापखान्यात पत्रकं छापायला देतो, ठिकाण मैदान, असं ठरलं.

"ढोल्याने मात्र आज लाज आणली," वन्सं बूट कोपऱ्यात ठेवत म्हणाल्या. "कडेच्या झाडाखालून हलेना. दोन पावलं टाकली आणि माघारी. ओढला तरी येईना. म्हातारपणी हट्टी झालाय."

"घरातलं कोण हट्टी नाही," मी म्हटलं, आणि विषय तिथेच राहिला.

संध्याकाळी मी पुढची खोली पुसली आणि वळून बघते तर पुसलेल्यावर ओले डाग. न्हाणीघरापासून वन्संच्या खोलीपर्यंत. मी ढोल्याला फैलावर घेतलं. तो बिचारा दाराशी पसरलेला, कोरडा ठणठणीत. मग नीट बघितलं, तर डाग पावलांचे होते, माणसाच्या पावलांचे, आणि एकेका डागात जरासा तांबूसपणा.

वन्सं खाटेवर बसून प्रदर्शनातल्या रिंगणांचा नकाशा काढत होत्या.

"पाय वर करा," मी म्हटलं.

"कशाला?"

"करा म्हणते ना."

त्यांनी केले. दोन्ही चवड्यांवर फोड आले होते, मोठ्या बटणांएवढे, आणि त्यातले तीन फुटले होते. मला बघवेना. "अहो, दुखत नाही?"

"काय दुखत नाही?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पायांकडे नाही पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

मी तिथेच जमिनीवर बसले. "कधीपासून?"

"दीड वर्ष. आधी बोटं. मोजे घालून चालल्यासारखं वाटायचं. मग वर वर येत गेलं." साखर त्यांना सात वर्षांपासून होती. गोळ्या घेते म्हणायच्या, आणि मी मूर्ख, विश्वास ठेवायची.

"आणि गेल्या वर्षीचा हॉल?"

"तो जुनाच होता, माहितीतला. अंदाजाने सांगितलं. निभावलं."

"आणि आजचं मैदान?"

त्यांनी पाय खाली घेतले. बोलायला होतं काय? फोडच बोलत होते. ते हिरवं गवत दुपारी तव्यासारखं तापत असणार. गालिचा म्हणे. त्या बाईने त्यावर तीनदा चवड्यावर फेऱ्या मारल्या होत्या, पाय भाजत होते आणि ती खूष होत होती. प्रदर्शनाला तिथे चारशे कुत्री येणार होती, 'अनवाणीबाईंनी बघितलंय' या भरवशावर.

मी कोमट पाणी आणलं, पाय धुतले, मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. तोंड सुरूच होतं माझं. इतकी अक्कल पाजळता जगाला, स्वतःचे पाय बघता येत नाहीत, भाऊ घरात, भावजय घरात, एका शब्दाने सांगता येत नाही, आम्ही काय परके आहोत. वन्सं ऐकत होत्या. मी रडायला लागल्यावर त्यांनी मला टॉवेल दिला, आणि तो नेमका ढोल्याचा होता.

"उद्या सकाळी फोन करून सांगा, विचार बदलला म्हणून," मी नाक पुसत म्हटलं. "मैदान नको, हॉल घ्या. कारण कशाला द्यायला हवं? तुमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द."

"आणि हॉलची फरशी घसरते की नाही ते कसं कळणार? आणि पुढच्या वर्षी काय सांगू?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

त्यांनी एका पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाल्या, "वहिनी, तुला नवरा आहे. मुलगी फोन करते. शेजारच्या चार जणी तुझ्यावाचून अडून बसतात. माझी वाट बघतात ती वर्षातून एकदा, आणि ती या पायांसाठी. पाय गेले हे कळलं की मी कोण? एक म्हातारी बाई, जिच्याकडे कुत्रा आहे. अशा क्लबात शंभर आहेत."

मी मलमाचं झाकण लावलं, लागलं होतं तरी पुन्हा लावलं. 

मग त्या उठल्या, मी ओरडले तरी उठल्या, आणि दाराशी जाऊन ढोल्याच्या शेजारी बसल्या. त्याची पुढची पावलं उलटी करून पाहिली, मग मागची. एका पंजाची कड लाल झाली होती, बाकी ठीक होती. दोन पावलं टाकून माघारी फिरला म्हणून वाचला होता. "तू सांगत होतास," वन्सं त्याला म्हणाल्या. "पुन्हा सांगत होतास, आणि मी पुन्हा ऐकलं नाही." 'पुन्हा' कशामुळे ते मला माहीत होतं. ढोल्याला माहीत नव्हतं. त्याने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपून गेला.

सकाळी छापखाना उघडायच्या आत आम्ही दाराशी हजर. वन्संच्या पायात ह्यांच्या ढगळ चपला, कारण पट्ट्यांवर दुसरं काही चढेना. एका हाताशी मी, दुसऱ्या हाताशी ढोल्या. छापखानेवाले सेक्रेटरी आले, कुलूप काढलं, आम्हाला आत घेतलं. आत शाईचा आणि ताज्या कागदाचा वास, कागदाचे गठ्ठे छातीएवढे रचलेले. पत्रकाचा नमुना टेबलावर तयारच होता. वर कुत्र्याचं चित्र, खाली ठळक अक्षरात मैदानाचं नाव. ते बघून छापखानेवाल्यांचं तोंड जरा उतरलेलंच होतं, यंदा हॉल मिळेल अशी त्यांना फार आशा होती.

"हे छापू नका," वन्सं म्हणाल्या. "मैदान नको."

"का हो? काल तर डोळे झाकून म्हणालात."

वन्सं टेबलावरचं पत्रक उगीच सरळ करायला लागल्या. मला ते पाहवलं नाही. सबंध रस्ताभर मी खोटं तयार करून ठेवलं होतं, ते बाहेर पडलं. "मैदानावर त्या दिवशी खेळांच्या स्पर्धा आहेत," मी म्हटलं. "काल संध्याकाळीच कळलं. मिळणार नाही ते."

"असं होय," छापखानेवाले म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. "मग हॉलच. मी आधीपासून म्हणत होतो." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मैदानाच्या नावावर रेघ मारली.

झालं होतं. सगळं निभावलं होतं. वन्सं घरी येऊन चहा पिऊ शकल्या असत्या आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. मी त्यांचा दंड धरून त्यांना दाराकडे वळवायला लागले.

"वहिनी खोटं बोलतेय," वन्सं म्हणाल्या. "माझ्यासाठी बोलतेय, तिला काही म्हणू नका." मग त्यांनी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, टेबलाची कड धरून. दीड वर्ष, मोजे घातल्यासारखं वाटणं, गेल्या वर्षीचा अंदाज, कालचं गवत, फोड, ढोल्या. काही वगळलं नाही. "माझ्या तळव्यांना आता काही कळत नाही," असं म्हणून त्या थांबल्या. "दुसरं कुणीतरी बघा."

छापखानेवाले आणि वन्सं यांचं वीस वर्षांत एकदाही सहज एकमत झालेलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस मनातून खूष होणार, आणि मी त्याला सोडणार नाही. त्यांनी एक खुर्ची ओढली, तिच्यावरचे कागद खाली ठेवले आणि वन्संना बसवलं. दुसरी खुर्ची ओढून त्यांचे पाय वर ठेवले. मग डॉक्टरांना फोन केला. तेही आले, दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच. त्यांना परत सांगावं लागलं, ते छापखानेवाल्यांनी सांगितलं, वन्संना बोलू दिलं नाही.

"पाणी मारलं तर गवत गार होईल की," डॉक्टर जरा वेळाने म्हणाले. मैदान सुटत नव्हतं त्यांच्याच्याने.

"दहा मिनिटं," वन्सं म्हणाल्या. "मग वाफ."

"मग हॉल," डॉक्टर म्हणाले. उसासा टाकला, पण म्हणाले.

"बघितल्याशिवाय हॉल नाही," छापखानेवाले म्हणाले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. ज्या हॉलसाठी ते इतकी वर्षं भांडले, त्याच्या नावावर ते अडून बसले होते. "बाईंनी शिरस्ता घालून दिलाय. आधी कुणीतरी अनवाणी चालायचं. मी चाललो तर तुम्ही म्हणाल याचा निकाल आधीच ठरलाय. डॉक्टर चालले तर ते नापासच करतील. असं माणूस पाहिजे, ज्याला कुत्र्यांशी काही देणंघेणं नाही."

मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

माझे तळवे म्हणजे लोणी. मी घरातसुद्धा चपला घालते, फरशी गार लागते म्हणून. पण त्या दिवशी अकरा वाजता मी त्या अवाढव्य हॉलच्या दाराशी चपला काढल्या. वन्सं दारातच खुर्चीवर, पाय स्टुलावर, आणि त्यांचा आवाज पार पलीकडच्या भिंतीपर्यंत.

"टाच उचल. चवड्यावर."

"उचललीय."

"काय लागतंय?"

"गार."

"गार काय, वहिनी, पाणी पण गार असतं. कसं गार? कोरडं की दमट?"

मी आयुष्यात माझ्या पायांकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं. कोरडं, दमट, खरखरीत, चिकट, तळव्याखाली सरकणारं, न सरकणारं. एक फेरी संपेस्तोवर माझ्या पोटऱ्या भरून आल्या. "आता पळ आणि वळ," त्या म्हणाल्या. मी पळाले, वळले, आणि दोन्ही पाय दोन दिशांना गेले. डॉक्टरांनी धरलं म्हणून, नाहीतर दातांचा नव्हे, हाडांचा डॉक्टर शोधावा लागला असता.

"बघितलंत?" वन्सं शांतपणे म्हणाल्या. "मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय असेच फाकतात. कंबर जाते त्याची."

मग मला खाली बसवलं, मान वाकवायला लावली. तिथून दिसलं की छताचे दिवे फरशीत उमटतात, पांढऱ्या खड्ड्यांसारखे. उभ्याने हे दिसत नाही. घाबरट कुत्रं त्यावर पाय टाकणार नाही, वन्सं म्हणाल्या. एकला पुन्हा फेरी, तीनला पुन्हा. तिसऱ्या फेरीत मागच्या दाराजवळ माझ्या चवड्याला काहीतरी चरकन लागलं. दोन फरश्यांच्या मध्ये पितळेची पट्टी होती आणि तिचं एक टोक वर आलं होतं, नखाएवढं. मी तिथूनच ओरडून सांगितलं. छापखानेवाल्यांनी खडूने गोल केला.

वन्संनी तो खडूचा गोल लांबून बघितला. मग म्हणाल्या, "हे मला सापडलं नसतं." हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, आणि मी उगीचच चपला शोधायला लागले.

शेवटी ठरलं ते असं. हॉल घ्यायचा, पण उघड्या फरशीवर कुत्र्याचा एकही पाय पडता कामा नये. दारापासून रिंगणापर्यंत आणि रिंगणभर रबरी चटया, म्हणजे घसरणंही नाही आणि दिव्यांचे खड्डेही नाहीत. मागचे मोठे दरवाजे दिवसभर उघडे. मागच्या आवारात माती आहे, झाडं आहेत, तिथे ज्यांची पाळी नाही ती कुत्री, म्हणजे आत एका वेळी दीडशेच्या वर नाहीत आणि भुंकण्याने कान किटणार नाहीत. डॉक्टरांना त्यांची मोकळी हवा मिळाली, छापखानेवाल्यांना त्यांचे विजेचे पॉइंट. हॉलच्या मालकांकडून चटईचा एक तुकडा आणवला. सगळे हो म्हणाले तरी वन्संनी हात वर केला. "आधी ढोल्याला विचारू."

ढोल्याला चटईपाशी नेलं. त्याने वास घेतला, एक पाय ठेवला, मग दुसरा. मग गोल फिरून तिच्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. तेव्हा कुठे वन्संनी मान हलवली.

साखरेच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना सांगितलं की आता अनवाणी चालणं कायमचं बंद, घरातसुद्धा. वन्संनी ते मुकाट्याने ऐकलं. गोळ्या मी माझ्या हाताने देते आता, जीभ बाहेर काढायला लावून बघते. क्लबाने त्यांना काढलं नाही. उलट पुढच्या वर्षीच्या जागेसाठी दोघींची नावं लिहून घेतली आहेत, बघणारी म्हणून त्यांचं आणि चालणारी म्हणून माझं. मला कुणी विचारलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सात वाजता वन्सं खाटेवर बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, आणि पायांशी नवे बूट. मऊ चामड्याचे, रुंद पंजाचे. जखमा भरत आल्या होत्या. बूट घालायचे सोडून त्या नुसत्या बघत बसल्या होत्या. एकवीस वर्षांत प्रदर्शनाच्या दिवशी त्या बूट घालून कधी आत गेल्या नव्हत्या.

मी खोलीतून मापपट्टी आणली, बुटकं स्टूल ओढलं आणि त्यांच्या पुढ्यात बसले. पाय पट्टीवर ठेवून घेतला. मोजे घातले, सुरकुती राहू दिली नाही. बूट चढवला. टोकाशी अंगठा दाबला आणि तोंडातून आपसूक निघालं, "बोटाला लागतंय का?"

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या.

"मला काय विचारतेस, वहिनी," त्या म्हणाल्या. "तूच बघ."

मी पुन्हा अंगठा दाबला, त्या दाबायच्या तसा, सावकाश, आधी टोकाला, मग दोन्ही कडांना. पुढे अंगठाभर जागा होती. खात्री व्हावी म्हणून परत एकदा बघितलं.

"नाही लागत," मी म्हटलं.

"मग बांध नाडी," त्या म्हणाल्या. "ढोल्या केव्हाचा दाराशी उभा आहे."